कोल्हापुरात भाड्यानं घर घेताय? आधीचे भाडेकरू बघून घ्या

नोकरीतल्या बदल्या आणि कॉलेजचे प्रवेश दोन्ही उन्हाळ्याच्या शेवटाला होतात. त्यामुळं कोल्हापुरात नव्यानं राहायला येणारा माणूस टेम्पो घेऊन पोचतो तो नेमका मृगाच्या तोंडावर. त्याच पंधरवड्यात जमिनीतली वाळवी, गटारातली झुरळं आणि परड्यातल्या गोमी यांनाही कोरडी जागा हवी असते. मी बारा वर्षांपूर्वी आलो तेव्हा शिवाजी पेठेत एका जुन्या वाड्याच्या माडीवर खोली घेतली होती. किल्ली हातात देताना मालकीण आजी म्हणाल्या, "पाल मारू नगंस बाळा, ती कामाची हाय. दुसरं काय दिसलं तर हाक मार." ते दुसरं म्हणजे काय काय, हे कळायला मला तीन पावसाळे लागले. तुमचा तेवढा वेळ जाऊ नये म्हणून कामं ज्या क्रमानं करायची त्या क्रमानं लिहितोय.

घर रात्री बघा

एजंट घर सकाळी दाखवतो. खिडक्या उघड्या, ऊन आत आलेलं, सगळं एक नंबर. पसंत पडलं तरी टोकन देण्याआधी रात्री नऊच्या सुमाराला पुन्हा एकदा जा. अंधारातच स्वयंपाकघरात शिरा आणि दिवा एकदम लावा. जे पळतं ते नीट बघा. नखाएवढं, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळ्या रेघा असलेलं झुरळ दिसलं तर ते घरातच राहणारं आहे. ट्रॉलीच्या बिजागऱ्यांत, फ्रिजच्या मोटरमागं, मिक्सरच्या बुडाखाली त्याचा संसार असतो. अंगठ्याएवढं, लालसर एखाददुसरं दिसलं तर तो गटारातून आलेला पाहुणा. मोठं बघून लोक किंचाळतात, पण काळजी करायची ती त्या छोट्याची. त्याची मादी तीस-चाळीस अंड्यांची पिशवी पोटाशी घेऊन फिरते आणि पिल्लं बाहेर पडायच्या बेताला आली की मगच ती सोडते. मोठ्यासाठी मोरीला जाळी बसवली की निम्मं काम झालं. झुरळांचा त्रास नुसता किळसवाणा नाही. त्यांची विष्ठा आणि कातडीचा चुरा हवेत मिसळतो, आणि दम्याच्या पोराला त्याचा त्रास होतो.

मग चौकटी. दाराच्या चौकटीला खालून वर बोटानं ठोकत जा. आवाज भरीव आला तर ठीक. मधेच पोकळ, भद्द असा आला तर तिथं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. लाकूड पापडासारखं आत गेलं तर वाळवी. भिंतीवरून चढणारी पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची नळी दिसली तर वाळवीच, दुसरं काही नाही. लाकडाखाली पिठासारखा भुगा पडलेला असेल तर मात्र ते लाकूड पोखरणारे किडे. जमिनीतली वाळवी भुगा सांडत नाही, माती आणते. हा फरक लक्षात ठेवा, कारण दोन्हीचा उपाय वेगळा आहे आणि भुगा दाखवून वाळवीचं बिल लावणारे भेटतात.

विद्यापीठाच्या किंवा राजारामपुरीच्या बाजूला कॉट-गादीसकट खोली घेणाऱ्या पोरांनी गादी उलटी करावी. शिवणीच्या कडेला, कॉटच्या सांध्यांत बॉलपेनानं टोचल्यासारखे काळे ठिपके म्हणजे ढेकूण. ढेकणानं रोग पसरत नाही. झोप जाते, आणि गावाकडं गेल्यावर आईच्या अंथरुणात दोन सोडून आलात तर अब्रूही जाते. अशी गादी मालकाला परत द्या आणि आपली नवी आणा. कॉट लोखंडी असेल तर सांध्यांत उकळतं पाणी ओता, आठवड्यानं पुन्हा ओता. चादरी-उशा कडक गरम पाण्यातून काढा. पन्नास अंशांच्या वर ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही टिकत नाहीत.

शेवटी शेजारच्या दुकानात चहा घ्या आणि एकच प्रश्न विचारा, "पाणी कुठवर येतं?" सुतारवाडा, दुधाळी, कुंभार गल्ली, रमणमळा, व्हीनस कॉर्नर या पुराचं पाणी शिरणाऱ्या भागांत या प्रश्नाचं उत्तर फुटांत मिळतं. ते उत्तर घर घ्यायचं की नाही एवढ्यापुरतं नसतं. पाण्याबरोबर काय काय वर येतं ते पुढं सांगतो.

टेम्पो येण्याआधीचे दोन दिवस

रिकामं घर हीच खरी संधी. एकदा कपाटं लागली की भोकं दिसत नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातून पांढरं सिमेंट, मोरीच्या जाळ्या, दाराखाली लावायची रबरी पट्टी आणि एक्झॉस्ट फॅनसाठी बारीक तारेची जाळी आणा. किराणा दुकानातून भांडी घासायचा तारेचा चोथा आणा. गॅसच्या नळीचं, एसीच्या पाइपचं, सिंकखालच्या पाइपचं जिथं जिथं भोक आहे तिथं आधी तारेचा चोथा कोंबायचा आणि वर सिमेंट थापायचं. नुसतं सिमेंट ओलं असताना उंदीर उकरतो, तारेला तो तोंड लावत नाही. लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते. डोकं गेलं की अंग जातं.

लक्ष्मीपुरीच्या बाजारातून मागून आणलेल्या खोक्यांतून सामान आणणार असाल तर त्याच दिवशी ती खोकी रिकामी करून रद्दीत घाला. माळ्यावर "पुढच्या बदलीला लागतील" म्हणून ठेवू नका. पुठ्ठ्याच्या नागमोडी घड्यांत झुरळाची अंडी मजेत प्रवास करतात. मी स्वच्छ घरात झुरळं आणली ती अशीच, स्वतःच्या हातानं.

छोटी झुरळं आधीच असतील तर स्प्रे मारू नका. स्प्रेनं दिसतात तेवढी मरतात, बाकीची भिंतीत शिरतात. जेल आणा. मसुराच्या दाण्याएवढे ठिपके बिजागऱ्यांजवळ, ड्रॉवरच्या आतल्या कोपऱ्यात, फ्रिजमागं लावा. एका जागी मोठा गोळा लावण्यापेक्षा वीस ठिकाणी वीस ठिपके बरे. खाल्लेलं झुरळ लगेच मरत नाही, आपल्या बिळात जाऊन मरतं. त्याची विष्ठा आणि मढं इतर झुरळं खातात, तीही मरतात. ज्या जागी जेल लावलं तिथं फिनेल, स्प्रे किंवा खडू फिरवायचा नाही, वासानं झुरळ तिकडं फिरकणार नाही आणि पैसे वाया जातील. महिन्याभरानं पुन्हा एकदा लावा, तोवर राहिलेल्या अंड्यांतून पिल्लं बाहेर आलेली असतात.

मृगाचा पहिला पाऊस

पहिल्या दमदार पावसाच्या संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या किड्यांचा थवा जमतो आणि सकाळी फरशीवर नुसत्या पंखांचा सडा दिसतो. ती वाळवीची पिढी, नवी वारुळं करायला निघालेली. बाहेरून आली असतील तर दिवे मालवा, खिडक्या लावा, विसरून जा. पण तुमच्याच चौकटीतून किंवा फरशीच्या सांध्यातून बाहेर पडताना दिसली तर समजा, वारुळ घराखालीच आहे. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि मालकाला तेव्हाच पाठवा. दुसऱ्या दिवशी फक्त पंख उरतात, आणि पंख बघून कुठलाही मालक "मुंग्या असतील" असंच म्हणतो.

मातीच्या नळीवर रॉकेल किंवा डिझेल ओतायचा सल्ला तुम्हाला पहिल्याच आठवड्यात मिळेल. त्यानं ती नळी मरते. खालची वाळवी दुसरीकडून नळी काढते. बांधलेल्या घरासाठी नीट पद्धत अशी की भिंत आणि फरशी जिथं भेटतात त्या रेषेवर साधारण एकेक फुटावर बारा मिलिमीटरची भोकं पाडायची, प्रत्येकात लिटरभर औषधाचं पाणी जिरवायचं आणि भोक बुजवायचं. हे भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ६३१३ मध्ये लिहिलेलं आहे. येणाऱ्या माणसाला "मानकाप्रमाणं करणार का?" एवढं विचारलं तरी त्याचा हात नीट चालतो. काम मालकाचं आहे, तुमचं नाही. तुम्ही एवढंच करा: प्लायवूडची कपाटं भिंतीपासून चार बोटं सरकवून ठेवा, आणि कागदपत्रं पत्र्याच्या पेटीत. माझी दहावीची मार्कशीट भिंतीला टेकलेल्या लाकडी कपाटात खालच्या कप्प्यात होती. वरून प्लास्टिकचं फोल्डर जसंच्या तसं, आत माती.

पाऊस लागला की

तरणा, म्हणजे पुनर्वसू नक्षत्राचा, पाऊस सुरू झाला की बाथरूममध्ये पैसे निघतात. नवख्याला सांगायला हवं, पैसा म्हणजे काळपट, शेकडो पायांचा, डिवचला की नाण्यासारखा वेटोळं करणारा किडा. चावत नाही. सुपलीत घ्या आणि बाहेर टाका, त्याच्यासाठी औषध आणणं म्हणजे निव्वळ खर्च. गोम मात्र चावते आणि सणकून दुखते, चप्पल झटकून घालायची सवय लावा. मोरीच्या भिंतीवर बसणारी केसाळ बारीक पाखरं नळीतल्या शेवाळी गाळात वाढतात. ब्रशनं जाळी आणि नळी घासली की आठवड्यात जातात.

डासांचं तसं नाही. डेंग्यूचा पांढऱ्या पट्ट्यांचा डास गटारात वाढत नाही, त्याला स्वच्छ साचलेलं पाणी लागतं, आणि तो दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातलं सगळं साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करायची. नुसतं ओतून चालत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर पिंपाच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी भरलं की फुटतात. काथ्यानं घासायला हवं. पिंप सगळ्यांनाच आठवतं. फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लँटची बाटली, गच्चीवरचा टायर आणि शेजारच्या बांधकामाची हौद ही ठिकाणं सुटतात. महापालिकेचे आरोग्य कर्मचारी भांडी तपासायला आले तर दारातून परतवू नका, गच्चीवर न्या. जयंती नाल्याच्या किंवा दुधाळीच्या कडेला राहत असाल तर रात्रीचे डास घाण पाण्यातले असतात. ते तुम्ही एकट्यानं थांबवू शकत नाही, तिथं खिडकीला जाळी आणि मच्छरदाणी हाच मार्ग.

माश्यांबद्दल एवढंच सांगतो. पेठेत राहून गंगावेशीत समोर पिळलेलं म्हशीचं दूध प्यायचं आणि गल्लीत माशी नको म्हणायचं, हे जमत नाही. ओला कचरा झाकून ठेवा आणि रोज घंटागाडीत द्या.

पाणी वाढलं तर

पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, राजाराम बंधाऱ्यावर मोजलेली. हे आकडे इथं पोराटोरांना पाठ असतात, तुम्हीही करा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर ज्यांनी घरं साफ केली त्यांना माहीत आहे की पाण्यापुढं बिळं भरतात, आणि उंदीर, घुशी, विंचू, साप सगळे उंच कोरड्या जागेकडं सरकतात. म्हणजे तुमच्या जिन्याकडं.

परतल्यावर पहिल्यांदा काठी वापरा, हात नंतर. गुंडाळलेली गादी, भांड्यांची चळत, बूट, सगळं काठीनं हलवून मगच उचला. साप दिसला तर लांबून नजर ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा. चावलाच तर दोरी बांधू नका, चिरू नका, चोखू नका, साप पकडून दवाखान्यात नेण्याचा पराक्रमही नको. माणसाला हलू न देता १०८ ला फोन करा किंवा थेट सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे या सरकारी रुग्णालयात, न्या.

पुराच्या पाण्यात उंदराचं मूत मिसळलेलं असतं, आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला बारीक जखम असली तरी जंतू आत शिरतो. गमबूट घाला, जखमेवर पट्टी लावा, घरी आल्यावर साबणानं पाय धुवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना "मी पुराच्या पाण्यात उतरलो होतो" हे वाक्य आठवणीनं सांगा. हे सांगितलं नाही तर साधा व्हायरल समजून दोन दिवस जातात, आणि या आजारात दोन दिवस फार असतात.

ऊसतोड सुरू झाल्यावर

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. पाचगाव, कळंबा, उचगाव, बालिंगा अशा कडेच्या भागात स्वस्तात चांगला फ्लॅट मिळतो आणि खिडकीतून उसाचं रान दिसतं. त्या रानात पावसाळाभर उंदीर पोसलेले असतात. दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो, फड तुटतो, आणि रानातली जनता एका रात्रीत बेघर होते. सगळ्यात जवळचं घर तुमचं. माझ्या शेजाऱ्याच्या कारची वायर अशाच एका डिसेंबरात कुरतडली गेली, दुरुस्तीचा खर्च ऐकून तो गॅरेजातच बसला. फडाच्या कडेला राहणाऱ्यांनी भोकं बुजवायचं काम दसऱ्याआधी पुन्हा एकदा तपासावं.

पिंजरा लावायचा तर भिंतीलगत लावा, खोलीच्या मध्ये नाही. उंदीर भिंत धरून पळतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले दोन दिवस पिंजरा उघडाच ठेवा, आत भजं किंवा सुक्या बोंबलाचा तुकडा ठेवून त्याला जेवू घाला. तिसऱ्या दिवशी खटका लावा. लांब सोंडेची, उग्र वासाची, चिकचिक करणारी चिचुंद्री सापडली तर तिला परड्यात सोडा, ती उंदीर नाही आणि झुरळं खाते.

विषाकडं मी शेवटी जातो. मेलेला उंदीर माळ्यावर कुजला की तो शोधताना घर डोक्यावर घ्यावं लागतं. वापरायचंच तर रक्त पातळ करणाऱ्या ब्रोमाडायोलोनच्या वड्या बंद डब्यात ठेवून वापरा. त्यावर व्हिटॅमिन के हा उतारा आहे. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट आणि काळी झिंक फॉस्फाइडची पूड घरात आणू नका. पोराच्या पोटात गेली तर त्यावर उतारा नाही.

वर्षाचं धान्य भरताना

इथं मार्च ते मे या काळात वर्षाचे गहू, ज्वारी, तांदूळ भरायची पद्धत अजून आहे, आणि चटणी, म्हणजे तिखट मसाला, तर वर्षाचीच होते. नव्यानं आलेल्या दोन माणसांच्या घरानं मोहात पडू नये. दोन महिन्यांचं आणा. भरायचंच असेल तर कडक उन्हात दोन दिवस वाळवा, घरात पूर्ण गार होऊ द्या आणि मगच कोरड्या डब्यात काठोकाठ भरा. गरम धान्य झाकलं की आत घाम धरतो. गव्हाला एरंडेल चोळतात, तांदळात वाळलेला कडुनिंबाचा पाला घालतात, कोणी कणगीत बिब्बे टाकतं. बिब्बा कापडात बांधूनच टाका, त्याचं तेल हाताला लागलं की कातडी उतते. चटणीच्या बरणीत हिंगाचा खडा. किडे झाले म्हणून कोणी तुमच्या टापटिपीवर बोललं तर मनावर घेऊ नका. सोंड्याची अंडी बहुतेक वेळा दाण्याच्या आतच असतात, दुकानातून येताना सोबत आलेली. रवा-मैदा चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवला तर ती मरतात.

गुळाला मुंगळा ही म्हण इथं रोज बघायला मिळते. ढेपेचं भांडं पाण्याच्या ताटात ठेवा आणि मुंग्यांची रांग साबणाच्या पाण्यानं पुसा. रांग वासावर चालते, वास पुसला की मागची मुंगी रस्ता चुकते.

औषधाबद्दल, आणि हे गंभीरपणे घ्या

कोल्हापुरात ओळखीतल्या दर दुसऱ्या माणसाचं शेत असतं. तुमचा त्रास ऐकून कोणीतरी प्रेमानं म्हणेल, "भावा, दुकानातलं कशाला आणतोस, माझ्याकडं उसावर मारायचं हाय की, नाद खुळा काम करतंय." हात जोडा. शेतातलं औषध उघड्या रानासाठी असतं, बंद खोलीसाठी नसतं. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरात कधीच नको. ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, आणि शेजारच्या खोलीत झोपलेली माणसंसुद्धा त्यानं गेली आहेत.

कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. पेस्ट कंट्रोलचा माणूस आला की आधी डबा बघायला मागा, त्रिकोण बघा, औषधाचं नाव लिहून घ्या आणि परवाना विचारा. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली त्याला परवाना लागतो. घरात गरोदर बाई, तान्हं मूल, दम्याचा माणूस किंवा माशांची टाकी असेल तर फवारणीआधीच सांगा. उरलेलं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका. चुकून कोणाच्या पोटात गेलंच तर मीठपाणी पाजून ओकवायला लावू नका, डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा.

हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, पण करार शेवटी होतो म्हणून शेवटी राहिलं. अकरा महिन्यांच्या भाडेकराराच्या मसुद्यात वाळवीचा शब्दही नसतो. सही करण्याआधी ही ओळ घालून घ्या: "घरात वाळवी आढळल्यास तिचा बंदोबस्त घरमालक स्वखर्चाने करतील, झुरळे, मुंग्या व डास यांची फवारणी भाडेकरू करेल." मालकांनी भुवया उंचावल्या तर चौकटीवर एकदा बोटानं ठोकून दाखवा.